जिताडा : खाडीत जन्मून नदीत वाढणारा मासा

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की खर्डी, कसारा, डोळखांब या परिसरातील कोरडे ओहोळ भरून वाहू लागतात आणि रात्री-अपरात्री माणसे बॅटऱ्या, टोपल्या व पाग घेऊन शेतांच्या बांधांवर उतरतात. नदीतील शिंगटीसारखे मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने वर, ओढ्यांतून थेट भातखाचरांपर्यंत चढत असतात. ठाणे जिल्ह्यात या घटनेला वलगण म्हणतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळकरी मुलालाही ती ठाऊक असते. पाऊस आला की मासा वर चढतो, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

याच पावसाच्या पाण्याची चाहूल घेऊन नेमक्या उलट दिशेने निघणारा एक मासा आहे. तो वाढतो नदीच्या गोड्या किंवा मचूळ पाण्यात. परंतु अंडी घालण्याची वेळ आली की खाली, खाडीच्या मुखाकडे जातो. त्याची पिल्ले मात्र खाडीतून वर येतात. हा मासा म्हणजे जिताडा. कोकणच्या किनाऱ्यावर तो पापलेट आणि सुरमई यांच्या बरोबरीने मानाचा समजला जातो, आणि म्हणूनच बहुतेक लोक त्याची गणना समुद्राच्या माशांत करतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. जिताड्याचे पीक किती येईल हे ठरण्यात समुद्राइतकाच नदीचाही वाटा असतो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांचाही या माशाशी संबंध येतो.

खर्डी हे गाव मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर आहे. या परिसरात पडणाऱ्या पावसाला समुद्राकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. एका बाजूचे पाणी तानसा व वैतरणा या नद्यांच्या खोऱ्यांत उतरते. तानसा पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळा व दातिवरे यांच्या दरम्यान समुद्राला मिळते. दुसऱ्या बाजूचे पाणी भातसेला जाते. भातसा काळू नदीला मिळते. माळशेजच्या डोंगरांतून निघून मुरबाड तालुक्यातून वाहत आलेली काळू कल्याणजवळ उल्हास नदीत विलीन होते, आणि उल्हास मुंब्रा, घोडबंदर करीत वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. ठाण्याजवळ तिचे पाणी ठाणे खाडीशीही जोडलेले आहे. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत पोहोचते म्हणूनच हे शहर प्राचीन काळी नामांकित बंदर होऊ शकले. जिताड्याच्या दृष्टीने या दोन्ही नद्या म्हणजे खाडीपासून डोंगराच्या दिशेने जाणारे दोन राजमार्ग होत.

माशाची ओळख

मार्कुस एलिझर ब्लॉख या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९० मध्ये या माशाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्केरिफर असे आहे. इराणच्या आखातापासून भारत, बांगलादेश, थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण चीन, पापुआ न्यू गिनी ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर तो आढळतो. बंगालमध्ये ज्याला भेटकी म्हणतात तो हाच, तमिळनाडूतील कोडुवा हाच आणि ऑस्ट्रेलियात ज्याच्या मागे हौशी गळकरी शेकडो मैल प्रवास करतात तो बारामुंडीही हाच. गळाला लागल्यावर हा मासा पाण्याबाहेर उसळ्या घेतो, डोके झटकून गळ तोडण्याचा प्रयत्न करतो आणि खांब, मुळे, खडक यांच्या आडोशाला दोरी गुंतवितो. पकडणाऱ्याच्या कौशल्याची कसोटी पाहणाऱ्या माशांत जगभर त्याची गणना होते ती यामुळे. आपल्याकडे गळाने मासा खेळविण्याचा छंद फारसा रुजला नाही. येथे जिताड्याची कीर्ती आहे ती त्याच्या चवीमुळे.

त्याचे शरीर लांबट व दोन्ही बाजूंनी चपटे असते. डोक्याचा वरचा भाग किंचित आत दबलेला, पाठ उंचावलेली, तोंड मोठे आणि खालचा जबडा थोडा पुढे आलेला. पाठीवरील पराच्या पुढच्या भागात सात ते नऊ भक्कम काटे असतात, तर शेपटीचा पर गोलसर असतो. पाठीचा रंग हिरवट-राखाडी, पोट रुपेरी. कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की नवख्याने पकडल्यास बोट कापल्याखेरीज राहत नाही. रात्री उजेड पडल्यास या माशाचे डोळे तांबूस चमकतात. अंधुक पाण्यात सावज टिपण्यासाठी निसर्गाने केलेली ती योजना आहे. पूर्ण वाढलेला जिताडा दोन मीटरपर्यंत लांब व साठ किलोंपर्यंत वजनाचा झाल्याच्या नोंदी आहेत. बाजारात येणारा मासा अर्थातच याच्या कितीतरी पटींनी लहान असतो.

पिल्लाचे रूप अगदी निराळे असते. बोटभर लांबीचे पिल्लू काळपट-तपकिरी, ठिपकेदार दिसते आणि त्याच्या कपाळावरून मानेपर्यंत पांढरट पट्टे उतरलेले असतात. मोठ्या जिताड्याशी त्याचे साम्य न दिसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी हे पिल्लू किरकोळ मासळीत मिसळून विकले जाते.

नराची मादी होते

जिताड्याच्या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचे लिंगपरिवर्तन. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून प्रौढ होतात. तीन-चार वर्षांचे झाल्यावर ते नर म्हणून प्रजननात भाग घेतात आणि पुढे, साधारणतः सहा ते आठ वर्षांच्या वयात, त्यांचे मादीत रूपांतर होते. आशियातील काही भागांत आरंभापासूनच मादी असणारे मासेही आढळले आहेत. परंतु सर्वसाधारण नियम हाच. दीड ते अडीच किलो वजनाच्या माशांत बहुसंख्य नर असतात, तर चार किलोंच्या पुढे बहुतेक माद्याच आढळतात. म्हणजे बाजारात ज्या मोठ्या जिताड्याभोवती गर्दी जमते, तो जवळजवळ नेहमी मादी असतो. ज्या क्षेत्रात मासा मोठा होण्यापूर्वीच पकडला जातो, तेथे माद्या तयारच होत नाहीत. अशा वेळी नर कितीही शिल्लक असले तरी त्यांचा उपयोग नाही.

मादीची प्रजननक्षमता थक्क करणारी आहे. थायलंडमध्ये केलेल्या पाहणीत साडेपाच ते अकरा किलोंच्या माद्यांच्या पोटात सुमारे २० लाखांपासून ७० लाखांपर्यंत अंडी आढळली. त्याहून मोठ्या माद्यांची अंडी कोटीच्या घरात जातात. हा आकडा ऐकून एखाद्याला वाटेल की मग जिताड्यांनी खाड्या भरून का गेल्या नाहीत? याचे उत्तर त्या अंड्यांच्या नाजूकपणात आहे.

अंडे एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. त्याच्यात तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो व त्याच्या आधाराने ते खाऱ्या पाण्यात तरंगते. गोड्या पाण्यात ते तरंगत नाही. त्याच्या वाढीसाठी पाण्यातील क्षारांचे प्रमाण दर हजार भागांत २८ ते ३२ इतके लागते. खुल्या समुद्रात ते सुमारे ३५ असते. म्हणूनच जिताडा नदीत कितीही सुखाने वाढला तरी तेथे त्याची प्रजा वाढत नाही. अंडी घालण्यासाठी त्याला खाडीचे मुख गाठावेच लागते. पावसाळ्याच्या सुमारास अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत, भरती सुरू होत असताना संध्याकाळच्या वेळी नर व माद्या खाडीमुखाशी एकत्र येतात. उधाणाच्या भरतीची निवड यदृच्छेने झालेली नाही. अंडी व त्यांतून पंधरा-वीस तासांत बाहेर पडणारे दीड मिलिमीटरचे जीव स्वतः पोहून कोठेही जाऊ शकत नाहीत. उधाणाचे पाणी त्यांना उचलून खाडीच्या आत नेते आणि कांदळवनांच्या मुळांत, खारफुटीतील उथळ डबक्यांत, पाणथळ मैदानांत नेऊन सोडते.

ही डबकी म्हणजे जिताड्याची बालवाडी. पावसामुळे येथील पाणी मचूळ झालेले असते, मोठे शिकारी मासे या उथळ पाण्यात शिरत नाहीत आणि खाण्यास सूक्ष्म जीव भरपूर मिळतात. पिल्ले झपाट्याने वाढतात. प्रथम त्यांच्या आहारात सूक्ष्म प्राणी व वनस्पती असतात. वीतभर लांबीची होईपर्यंत मात्र ती पूर्णपणे मांसाहारी बनतात आणि कोळंबी, लहान खेकडे व मासे यांच्यावर जगू लागतात. या काळात ती एकमेकांनाही सोडत नाहीत. स्वतःच्या लांबीच्या साठ टक्क्यांहून थोडे अधिक लांबीचे भावंड गिळण्याची त्यांची क्षमता असते. पावसाळा ओसरताना डबकी आटू लागली की पिल्ले खाडीत आणि तेथून नदीत वर चढू लागतात. पुढची दोन-तीन वर्षे ती गोड्या अथवा मचूळ पाण्यात काढतात आणि प्रौढ झाल्यावर पुन्हा खाडीमुखाची वाट धरतात.

हा प्रवास प्रत्येक जिताडा करतोच असे मात्र नाही. माशाच्या कानात चुनखडीचा एक लहानसा खडा असतो व तो झाडाच्या खोडाप्रमाणे थराथराने वाढतो. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचे प्रमाण नदीच्या पाण्यापेक्षा सामान्यतः जास्त असल्यामुळे, खड्यातील थर तपासून मासा वयाच्या कोणत्या वर्षी कोठे राहिला हे सांगता येते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी या पद्धतीने पाहिले तेव्हा काही मासे आयुष्यभर खाडीतच राहिल्याचे दिसून आले. परंतु तेथील फिट्झरॉय नदीच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या वर्षी नदीला भरपूर पाणी येते, त्या वर्षी जन्मलेल्या माशांची संख्या पुढील वर्षांच्या पकडीत ठळकपणे जास्त दिसते; कोरड्या वर्षांच्या पिढ्या दुबळ्या निघतात. नदीचा पूर खाडीकाठची मैदाने भिजवतो, अन्न आणतो, पिल्लांना वाट करून देतो. वरून आलेल्या पाण्याचा हिशेब चार-पाच वर्षांनी कोळ्याच्या जाळ्यात उमटतो तो असा.

खारपट्ट्यातील तळी

जिताड्याचा हा स्वभाव रायगड जिल्ह्यातील खारपट्ट्यातील शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून ओळखला आहे. पेण व अलिबाग तालुक्यांत खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून जमिनी लागवडीखाली आणलेल्या आहेत. या बांधांत पाणी सोडण्यासाठी व काढण्यासाठी दरवाजे असतात. त्यांना उघाड्या म्हणतात. बांधाच्या आत, घरालगत शेतकऱ्यांची लहान तळी असतात. अलिबाग तालुक्यातील शहापूर, धेरंड ही गावे अशा तळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. (ठाणे जिल्ह्यातील शहापूरशी या गावाचा नावापलीकडे संबंध नाही.) पावसाळ्यात खाडीतून मिळालेली पिल्ले या तळ्यांत सोडतात. तळ्यातील लहानसहान मासे व कोळंबी यांवर ती वाढतात आणि दोन-तीन वर्षांत एकेक मासा चांगला वजनदार होतो. सणावाराला, पाहुण्यारावळ्यांसाठी किंवा हातातोंडाची गाठ पडेनाशी झाली म्हणजे तळ्यातला जिताडा काढायचा, अशी ही घरची ठेवच म्हणावयाची. जिताडा ही त्या भागात मानाची भेट समजली जाते. कचेरीत अडलेले काम जिताड्याने सुटते, असा विनोदही तेथे ऐकू येतो. अधिकारी वर्गाने तो विनोद म्हणूनच घ्यावा.

या तळ्यांची एक मर्यादा आहे. तळ्यातला जिताडा अंडी घालत नाही. दर वर्षी नवी पिल्ले खाडीतूनच आणावी लागतात. खाडीत पिल्ले कमी झाली की तळे ओस पडते. ही अडचण दूर करण्याचा मार्ग कृत्रिम प्रजननाचा. थायलंडमधील सोंगखला येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी या माशाचे प्रजनन साधण्यात यश आले. भारतात केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने चेन्नई येथे १९९७ मध्ये प्रथमच जिताड्याचे बीज तयार केले. त्यानंतर तमिळनाडूत राजीव गांधी जलजीवपालन केंद्रानेही मोठ्या प्रमाणावर बीजनिर्मिती सुरू केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाल्यानंतर खाडीकाठच्या गावांतील बचतगटांना पिंजऱ्यांतून जिताडा वाढविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. कांदळवनाचे रक्षण आणि त्यातून उत्पन्न, असा त्यामागील विचार आहे.

बीज मिळू लागल्यामुळे आतल्या तालुक्यांतील शेततळी व गावतळी यांत जिताडा सोडता येईल काय, असा प्रश्न सरपंचांकडून विचारला जाणे स्वाभाविक आहे. गोड्या पाण्यात तो वाढतो, त्यामुळे तत्त्वतः उत्तर होकारार्थी आहे. पण दोन गोष्टींचा विचार आधी करावा लागतो. ज्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बोटुकलीबीज सोडले असेल तेथे जिताडा सोडणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर सोडणे होय. तिलापिया बेसुमार वाढून तळे बिघडले असेल तर मात्र त्याच्या पिल्लांना खाऊन जिताडा तळ्याचा तोल सावरू शकतो. शिवाय पिल्लांना आकारानुसार वारंवार वेगळे केले नाही तर हजारातील मोठी उरलेल्यांना खाऊन टाकतात आणि हिशेबात मरतुक म्हणून नोंद होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भातसा, तानसा, वैतरणा यांच्या जलाशयांत किंवा डोंगरातील डोहांत हा मासा मुद्दाम सोडण्याचा मोह टाळला पाहिजे. जिताड्याच्याच कुळातील नाईल पर्च हा मासा गेल्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सोडण्यात आला. त्या सरोवराखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या शेकडो लहान जातींपैकी फार मोठा भाग पुढील काही दशकांत नाहीसा झाला. जिताडा गोड्या पाण्यात प्रजा वाढवू शकत नाही, त्यामुळे एवढा अनर्थ येथे होणार नाही हे खरे. तरीही सह्याद्रीच्या नद्यांतील स्थानिक माशांवर एक नवा शिकारी लादण्याचे कारण नाही.

अडलेली वाट

नैसर्गिक जिताड्याचा प्रश्न तळ्यांपेक्षा निराळा आहे. त्याला खाडी, कांदळवन आणि नदी ही तिन्ही स्थाने लागतात, आणि तिन्हींच्या मधली वाट खुली असावी लागते.

कांदळवनाच्या बाबतीत महाराष्ट्रात बरेच काम झाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवन तोडण्यास मनाई केली व २०१८ मध्ये ती अधिक ठामपणे कायम केली. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. लोकांचे लक्ष साहजिकच गुलाबी पक्ष्यांकडे गेले. त्या तिवरांच्या मुळांत काय वाढते याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

नदीची स्थिती समाधानकारक नाही. उल्हास नदीचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला तर क्षार सोसणारा जिताडाही तेथून पुढे जात नाही. दुसरा अडथळा बंधाऱ्यांचा. उल्हास नदीवर मोहने येथे बंधारा आहे. भातसा नदीवर पिसे येथे बंधारा घालून मुंबई महानगरपालिका धरणातून सोडलेले पाणी उचलते व ते पांजरापूर येथे शुद्ध करून शहरास पुरविते. मुंबईची तहान भागविण्यात शहापूर तालुक्याचा वाटा किती मोठा आहे हे वेगळे सांगावयास नको. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा जलाशयापासून मोडकसागर, भातसा आणि २०१४ मधील मध्य वैतरणा धरणापर्यंत हा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. या धरणांच्या उंच भिंती चढून जाणे जिताड्याला शक्य नाही आणि त्याला त्याची फारशी गरजही नाही. त्याचे खरे क्षेत्र सखल भागातील संथ पात्रांचे आहे. म्हणून खालच्या बाजूस असलेले, माणसाच्या उंचीइतके लहान बंधारे त्याच्या दृष्टीने मोठ्या धरणांपेक्षा अधिक निर्णायक ठरतात. भरतीची हद्द संपते तेथेच, नेमक्या उंबरठ्यावर, ते उभे असतात. जिताडाच नव्हे, तर समुद्रात जन्मून नदीत वाढणाऱ्या वाम माशाला आणि मचूळ पाण्यात पिल्ले सोडून पुन्हा नदीत येणाऱ्या मोठ्या कोळंबीलाही हाच उंबरठा ओलांडावा लागतो.

बंधारा बांधताना माशांसाठी वाट ठेवता येते. तिला मत्स्यसोपान म्हणतात. ती कशी असावी याचा धडा पुन्हा फिट्झरॉय नदीवरच मिळतो. क्वीन्सलँड राज्यातील रॉकहॅम्प्टन शहराजवळ या नदीवर १९७० मध्ये खाडीचे पाणी अडविणारा बंधारा बांधण्यात आला. त्यात सोपानही होता. पण त्याची रचना थंड प्रदेशातील उसळी मारून चढणाऱ्या माशांच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. बारामुंडी त्यातून क्वचितच जाऊ शके. १९९४ मध्ये त्याची रचना बदलून उभ्या फटींच्या लहान लहान कप्प्यांची केली. प्रत्येक कप्प्यात पाणी थोडे थांबते, मासा विसावतो आणि फटीतून पुढच्या कप्प्यात पोहत जातो. त्यानंतर बारामुंडीसह अनेक जातींचे मासे त्यातून वर जाताना नोंदले गेले. आपल्याकडे गंगेवरील फरक्का बंधाऱ्याने हिलसा माशाची वाट कशी अडविली, हे १९७५ नंतरच्या अनुभवाने सर्वांसमोर आले आहे. नवे बंधारे आखताना किंवा जुन्यांची दुरुस्ती हाती घेताना पाटबंधारे व मत्स्यव्यवसाय या दोन विभागांनी नकाशा एकत्र बसून पाहिला तर हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने मोठा ठरत नाही. खारभूमीच्या उघाड्यांचेही तसेच. पावसाळ्यात, उधाणाच्या भरतीच्या वेळी उघाडी काही काळ किलकिली ठेवली तर पिल्लांना आत शिरता येते. शेतात खारे पाणी शिरण्याची भीती असते, त्यामुळे हा निर्णय शेतकऱ्यांना विचारूनच व्हावयास हवा. भाताचे रोप वाचवावे की मासा, हा वाद खारपट्ट्यात नवा नाही, आणि तो कचेरीत बसून सुटणारा नाही.

राहिला प्रश्न पकडीचा. महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना साधारणतः १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते. जिताड्याचा विणीचा हंगाम याच सुमारास येतो. परंतु तो अंडी घालतो खाडीमुखाशी आणि त्याची पिल्ले वाढतात खाडीच्या आत, जेथे बारीक आसाची बोकशी जाळी चालूच असतात. क्वीन्सलँडमध्ये या माशासाठी दुहेरी मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासाही पाण्यात परत सोडावा लागतो. मोठा मासा म्हणजे मादी आणि एक मोठी मादी म्हणजे पुढील हंगामाचे कोट्यवधी अंड्यांचे भांडवल, हा त्यामागील हिशेब. आपल्याकडे सर्वांत मोठ्या जिताड्याला सर्वांत जास्त भाव मिळतो. या भावाविरुद्ध नियम करणे सोपे नाही आणि गरीब कोळ्याने हातची मादी सोडून द्यावी, अशी अपेक्षा त्याला काही मोबदला न देता करणे न्याय्यही नाही.

नदीच्या वरच्या भागातील गावांच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. सुरुंगाच्या दारूने वा विषाने मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. ती पाळली जाते की नाही हे तालुक्याच्या ठिकाणाहून दिसत नाही, गावातून दिसते. शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथील ग्रामसभांना लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाचे अधिकार २०१४ च्या नियमांनुसार मिळाले आहेत. वलगणीच्या रात्री चढणारा प्रत्येक मासा टोपलीत न घालता काही वाटा ओढ्याला सोडावा, असा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते.

शिक्षकांना तर याहून सोपे काम आहे. खर्डीहून लोकलने तासा-सव्वा तासात कल्याणचा मासळीबाजार गाठता येतो. पावसाळा संपत आल्यावर, भाद्रपद-आश्विनात, किरकोळ मासळीच्या वाट्यांतून विद्यार्थ्यांना बारकाईने पाहावयास सांगावे. तपकिरी अंगाचे, गोल शेपटीचे आणि कपाळावर पांढरट पट्टे असलेले बोटभर पिल्लू सापडले तर ते जिताड्याचे. त्या दिवशीच्या वाट्यात अशी किती पिल्ले होती, ती कोणत्या खाडीतून आली, हे विक्रेत्या बाईला विचारून तारीखवार वहीत लिहून ठेवावे. त्याच वहीत शाळेच्या पर्जन्यमापकाचे आकडेही लिहिले जावेत.